वंगण माझं होतं, मामा

मामा, आज दुपारी तुम्ही पुन्हा आलात.

जेवून जरा आडवा झालो होतो. आमच्या नालासोपाऱ्याच्या घरात दुपारचे किती आवाज असतात ते तुम्हाला माहीत आहे. खाली भंगारवाला, वर कुणाचं तरी ड्रिल, समोरच्या खिडकीत कुकर. एकदा तुम्ही मुक्कामाला आलात आणि सकाळी चहा पिता पिता म्हणालात, "हितं मानसाला सपान तरी कसं पडतं?" तर पडतं, मामा. हल्ली डोळे मिटायचा अवकाश, पलंगाच्या कडेपासूनच तुमच्या शेताचा बांध सुरू होतो. भात कापणीला आलेलं असतं, खाडीकडून ओलसर वारा येत असतो, पलीकडच्या मिठागरांवर ऊन पडून सगळं पांढरं दिसत असतं. तुम्ही पुढे, मी मागे. तुमच्या हातात तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. मागे वळून न बघता तुम्ही विचारता, "काय जावईबापू, जमला का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडतो आणि समोरचा कुकर शिट्टी देतो.

आज चौथ्यांदा असं झालं. उठलो, तोंडावर पाणी मारलं आणि लिहायला बसलो.

तुमचं तेरावं होऊन आज चार दिवस झाले. तुमची लेक, म्हणजे माझी वैशाली, अजून तिकडेच आहे, मामींजवळ. मी कामावर जायचं म्हणून परत आलो. जे तोंडानं सांगायला हवं होतं ते दीड वर्षात जमलं नाही, म्हणून आता कागदावर सांगतो. दीड वर्षापूर्वी दसऱ्याला तुमच्या बंदुकीत गोळी अडकली, ती तुमच्या हातातला जोर गेला म्हणून नव्हे. ती माझ्या वंगणानं अडकली. तुम्हाला ते कळलं होतं. मलाही कळलं होतं. तुम्ही दोष स्वतःच्या हातांवर घेतलात आणि मी तो घेऊ दिला. तुमची बंदूक गेली ती अशी.

आपलं जमलं होतं तेही वंगणावरूनच, नाही का? मी साताऱ्याकडचा, तुम्ही खाडीकाठचे आगरी. वैशालीनं मला पसंत केलं तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत, पण हो सुद्धा म्हणाला नाहीत. लग्नात अक्षता टाकल्यात आणि त्यानंतर वर्षभर माझ्याशी दोनच शब्द बोललात. दर रविवारी मी आलो की "जेवलात?" आणि निघालो की "सावकाश." मान मात्र असा ठेवायचात की मला गुदमरायला व्हायचं. सगळ्यात मोठी कोळंबी माझ्या ताटात, खुर्ची पंख्याखालची माझी, आणि मी काही चुकीचं बोललो तरी घरात कुणी ते चूक आहे म्हणायचं नाही. एकदा मी भाताच्या शेताला गव्हाचं शेत म्हणालो. सगळे गप्प. वैशालीनं नंतर मला बाजूला घेऊन झापलं, ते वेगळं.

मग एका रविवारी घराच्या मागे तुम्ही चुलीशी बसलेले दिसलात. लोखंडी पळीत शिसं वितळत होतं. जुन्या जाळ्यांना लावायच्या वजनांचं शिसं, खाडीत जाळं फाटलं की तुम्ही ते काढून ठेवायचात. तुम्ही चिमूटभर मेण त्यात टाकलंत, भप्पकन जाळ झाला, मळ वर तरंगून आला, आणि तो बाजूला सारल्यावर खालून जो काही लखलखाट निघाला तो बघून मी जावई आहे हे विसरूनच गेलो. सरळ तुमच्या शेजारी उकिडवा बसलो.

"त्या अंगाला नको, वाऱ्याच्या अंगाला बसा," तुम्ही म्हणालात. "धूर नाकात जाऊ देऊ नका, वाईट असतो तो."

साच्यातून गोळ्या पडत होत्या. टप, टप, पाण्यानं भिजवलेल्या गोणपाटावर. बोराएवढ्या. मग तुम्ही विचारलंत, "तुमी कंपनीत करता काय?"

"वंगण तपासतो, मामा. ग्रीस, तेल, असलं. लॅबमध्ये आहे मी."

तुम्ही पळी खाली ठेवलीत. वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलंत.

"मंग आजपर्यंत बोलला का नाय?"

"तुम्ही विचारलंच नाही."

तुम्ही हसलात. पुढचे दोन दात नसलेलं ते हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग तुम्ही आत जाऊन तुमच्या वंगणाचा तो बिस्किटांचा डबा आणलात, झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरलात आणि म्हणालात, "ह्यात काय कमी हाय, सांगा."

मला ठासणीच्या बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही शिकवलंत. तुमच्या वडिलांपासूनची बंदूक, परवाना पीक राखण्यासाठीचा. भात पिकलं की डोंगरातून रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत शेत लोळवून जातात. तुम्ही आयुष्यात एकही डुक्कर मारलं नाहीत. बांधावरच्या केळीच्या खुंटावर बार काढायचात, त्या आवाजानं ती पळायची. "त्याला बी पोट हाय," म्हणायचात. नळीत आधी दारू, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि ती गजानं रेटत थेट दारूपर्यंत बसवायची. मध्ये अडकली आणि तशीच उडवली तर नळी फुटते. पहिला बार झाला की नळीत काजळी बसते, म्हणून दुसरी गोळी जड जाते, तिसरी त्याहून जड. चिंधीला वंगण लावायचं ते याच्यासाठी. थंडीत दगड होता कामा नये, मे महिन्यात वितळून दारूत उतरता कामा नये, आणि काजळी मऊ राहायला हवी. एवढंच. आणि या एवढ्यावर आपण सहा वर्षं भांडलो.

काय मजा यायची, मामा. मी कंपनीतून वही घेऊन यायचो, तुम्ही मामींची बशी घ्यायचात. माझी वही म्हणायची अमुक अंशाला वितळेल. तुम्ही बशीत वंगणाची टिकली लावून बशी पत्र्यावर उन्हात ठेवायचात आणि बाजेवर पडून वाट बघायचात. मीही पडायचो. जांभळाच्या झाडातून ऊन गळत असायचं, मेणाचा आणि खोबऱ्याचा वास सुटलेला असायचा, अर्धवट डोळा लागायचा. कधी तुम्ही झोपेतच बोलायचात, "पसरला काय?" मी झोपेतच म्हणायचो, "अजून नाही." मला नक्की सांगता येणार नाही की त्यातल्या कुठल्या गोष्टी खरंच आपण बोललो आणि कुठल्या मला त्या बाजेवर स्वप्नात ऐकू आल्या. माझ्या वडिलांजवळ असा मी कधी झोपलो नाही.

नुसतं खोबरेल आपण आधी करून पाहिलं. गिरीज गावच्या पास्कलच्या वाडीतलं, घाण्यावरचं, तुम्हाला त्याचं फार कौतुक. जानेवारीत ते डब्यात गोठून बसलं आणि एप्रिलमध्ये पाणी होऊन दारूत उतरलं. बार काढलात तर नुसतं फुस्स. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "डुकरांना शिट्टी मारताव काय?" तुम्ही आठवडाभर खोबरेलाचं नाव काढलं नाहीत.

बोकडाची चरबी सगळ्यात चांगली निघाली, हे मान्य केलं पाहिजे. पण उंदरांनी चिंध्या पळवल्या. श्रावण आला की तुम्ही तिला हात लावायचा नाहीत. आणि नवरात्रात बंदूक देव्हाऱ्याशेजारी ठेवायची तुमच्या घरची रीत. दसऱ्याला तिची पूजा करायची, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि मग बांधावर जाऊन तीन बार काढायचे. एक गावदेवाचा, एक शेताचा, एक गेलेल्या माणसांचा. तिथे चरबीचा विषय काढला तेव्हा मामींनी स्वयंपाकघरातूनच सुनावलं होतं, "देवाजवळ चरबी नाय चालायची. सांगून ठेवते, घरात पाय नाय ठेवू देनार." तुम्ही माझ्याकडे बघून हळूच म्हणालात, "हिच्यापुढं इंग्रज बी गेला आसता परत."

म्हणून दसऱ्यासाठी मधाचं मेण आणि खोबरेल, निम्मं निम्मं. डोंगरातून एक कातकरी बाई मध घेऊन यायची, ती मेणाचा गोळा आणून द्यायची. ते मिश्रण तुम्ही अंगठा आणि बोटात चोळून बघायचात, वास घ्यायचात आणि म्हणायचात, "ह्यो माझा." बस्स. तिथे थांबायला हवं होतं मी.

एका नोव्हेंबरात तुम्ही पास्कलकडून गठुडंभर मेणबत्त्यांचे तुकडे आणलेत. त्यांच्या ख्रिस्ती मृतांच्या दिवसानंतर सिमेट्रीतून गोळा केलेले. "देवाचंच मेन हाय, फुकट मिळालं," असं म्हणत आनंदानं वितळवलंत. थंड झाल्यावर चिंधीवरून पापुद्रे पडायला लागले. मी शहाणपणा केला. म्हटलं, "मामा, मेणबत्तीचं मेण हल्ली मधमाशीचं नसतं. ते खनिज तेलातून निघतं."

"म्हंजे रॉकेलच्या जातीचं?"

"तसंच म्हणा."

तुम्ही ते अख्खं भांडं उचलून उकिरड्यावर ओतलंत. "माझ्या बापानं सांगितलंय. बंदुकीला रॉकेलच्या जातीचं काय लावायचं नाय."

"पण का, ते सांगितलंय का?"

"नाय. का ते तुमी सांगा. तुमी कंपनीत हाव."

सांगायला हवं होतं, मामा. शोधून काढायला हवं होतं. माझं ते कामच होतं. पण माझं डोकं फिरलं. मी दिवसभर जे तपासतो, ज्याच्यावर माझं घर चालतं, त्याला तुम्ही एका वाक्यात उकिरडा दाखवलात. मी तावातावानं म्हणालो की आमच्या ग्रीसवर मोठमोठी यंत्रं चालतात, तुमची ती नळी काय घेऊन बसलात. तुम्ही काहीच बोलला नाहीत. जावयाला चूक म्हणायचं नाही ना. मला वाटलं, मी जिंकलो.

त्यानंतरच्या वर्षी मध आणणारी बाई आलीच नाही. दसरा दोन दिवसांवर आला, मेण नाही, चरबी चालत नाही, नुसतं खोबरेल ऑक्टोबरच्या उन्हात टिकत नाही. मी नालासोपाऱ्याहून डबी घेऊन आलो. पांढरं, लुसलुशीत, माझ्या हातानं तपासलेलं ग्रीस. मामींपुढे ठेवून म्हणालो, "ना मांस, ना मच्छी. देवाला एकदम चालेल." मामी खूश. तुम्ही डबी हातात घेतलीत, बोटानं चोळलंत, वास घेतलात. वास नव्हताच त्याला. माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "जावईबापूंनी आनलाय, तर लावू."

ते "लावू" अजून माझ्या कानात आहे. तुम्हाला पटलेलं नव्हतं. पण सगळ्या भावकीसमोर माझी डबी परत कशी करणार?

पहिला बार छान झाला. दुसऱ्या गोळीला गज जरा थांबत थांबत गेला, पण तोही बार झाला. पोरंटोरं नाचायला लागली. तिसऱ्याला गज अर्ध्यावर थांबला. तुम्ही रेटलात. नाही. पुन्हा रेटलात, अंगाचा भार टाकून. तुमचे दंड थरथरायला लागले, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. कुणीतरी म्हणालं, "आबा थकला." दिनेश, तुमचा मुलगा, पुढे आला आणि म्हणाला, "बाबा, द्या इकडे, तुमच्यानं नाही होत." तुम्ही त्याला हातानंच अडवलंत. गज हळूच बाहेर काढलात.

गजाच्या टोकाला डांबर होतं, मामा. काळं, चिकट, घट्ट. ती काजळी नव्हती, वंगणही नव्हतं. ते माझं होतं. मी तुमच्यापासून दोन हातांवर उभा होतो. तुम्ही ते बघितलंत, मी बघितलं हेही बघितलंत, खिशातला रुमाल काढलात आणि गजाचं टोक सावकाश, अगदी स्वच्छ पुसून घेतलंत. रुमाल घडी करून खिशात. मी काहीतरी बोलायला गेलो. तुम्ही मान वळवली नाहीत, नुसतं पुटपुटलात, "तू गप."

सहा वर्षांत तुम्ही मला एकदाच तू म्हणालात.

मग मोठ्यानं सगळ्यांना म्हणालात, "हात चालत नाय आता. जोर नाय राहिला." माणसं थोडी हसली, थोडी हळहळली आणि आपट्याची पानं वाटायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही एकट्यानंच नळीत पाणी सोडून ती गोळी बाहेर काढलीत, हे मला वैशालीकडून कळलं.

पुढच्या रविवारी दिनेशनं विषय काढला. तो वाईट माणूस नाही, तुम्हालाच ठाऊक आहे. घाबरला होता. "गोळी अर्ध्यावर असताना यांनी चाप ओढला असता तर? बंदूक पोलीस ठाण्यात जमा करू." तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. दिनेश मला म्हणाला, "भावजी, तुमचं अक्षर चांगलं आहे, अर्ज तुम्हीच लिहा." आणि मी लिहिला. माझ्या हातानं लिहिला. "वयोमानानुसार हात कापत असल्यामुळे" हे शब्द मला कुणी सांगितले नव्हते, मामा. ते माझे होते. तुम्ही सही केलीत. सही करताना तुमचा हात जराही कापला नाही, हे त्या खोलीत फक्त मला दिसलं.

याआधी निवडणुका आल्या की बंदूक ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. या वेळी ती परत येणार नव्हती. पाठोपाठ दिनेशनं स्कूटरची चावी स्वतःकडे ठेवली. मग शेतावर एकट्यानं जायचं नाही असं ठरलं. सगळं तुमच्या काळजीनं. तुम्ही एकेक गोष्ट देत गेलात, मुकाट्यानं. पुढच्या कापणीच्या आधी डुकरांनी वरचं शेत लोळवलं तेव्हा तुम्ही ओटीवर बसून पत्र्याचा डबा वाजवत होतात, असं वैशालीनं फोनवर सांगितलं. मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या संडासात जाऊन रडलो.

तुमच्या वडिलांच्या "का"चं उत्तर मी शोधून काढलं, बरं का. दसऱ्यानंतर पंधरा दिवसांत. लॅबमध्ये पोलादाच्या पट्टीवर आमचं ग्रीस लावलं, त्याच्यावर कोळशाची पूड आणि गंधक घातलं आणि तापवलं. खनिज तेल काजळीबरोबर आटून डांबर होतं. मेण, खोबरेल, चरबी यांचं होत नाही, काजळी मऊ राहते. एवढं सोपं. तुमच्या वडिलांना लॅबशिवाय कळलं होतं. ती पट्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी तीन रविवार तुमच्याकडे घेऊन आलो. तिसऱ्या रविवारी तुम्ही विचारलंत, "पिशवीत काय?"

"काही नाही, मामा."

"बरं."

एवढंच. आणि एकदा, गेल्या उन्हाळ्यात, आपण दोघं खाडीच्या कडेला बसलो होतो. भरती येत होती, पाणी आवाज न करता चिखलातून वर चढत होतं, लांबवर मिठाचे ढीग हवेत तरंगल्यासारखे दिसत होते. तुम्ही अचानक म्हणालात, "जावईबापू, तुमी काय मनात ठेवू नका." दार उघडून दिलं होतंत तुम्ही. मी काय करावं? मी म्हणालो, "कशाबद्दल, मामा?" तुम्ही पाण्याकडे बघत राहिलात. माझ्यासारखा नालायक माणूस शोधून सापडायचा नाही.

पण खरं सांगू? रागही येतो तुमचा. कुणी सांगितलं होतं एवढा मान ठेवायला? चार शिव्या घातल्या असत्यात, डबी खाडीत भिरकावली असतीत, "ह्या शहाण्याच्या नादाला लागून बंदूक नासली" असं भावकीसमोर म्हणाला असतात तर मी दोन महिने तोंड लपवलं असतं आणि तिसऱ्या महिन्यात आपण पुन्हा बाजेवर आडवे झालो असतो. माझी लाज राखलीत आणि मला आयुष्यभराची अद्दल घडवलीत. हा कसला हिशेब, मामा?

आता तेराव्याचं सांगतो. तुम्ही नव्हतात, म्हणून सांगतो.

जेवणं झाली होती. पाहुणे पांगले होते. ओटीवर मी, दिनेश, वैशाली आणि आतल्या दारात मामी. दिनेश तुमचे कागद लावत होता, त्यात त्या अर्जाची झेरॉक्स निघाली. त्यानं ती वाचली आणि म्हणाला, "एक मात्र बरं केलं आपण. वेळेवर जमा केली. नाहीतर बाबांच्या हातून काहीतरी होऊन बसलं असतं." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. उलट आपण बाबांना सांभाळलं याचं समाधान होतं. मला वाटलं, आता गप्प बसलो तर हेच खरं होईल. तुमच्या नातवंडांना सांगतील, आजोबांचे हात कापायचे.

मी सांगितलं. डबीपासून रुमालापर्यंत, पट्टीपासून अर्जापर्यंत. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे गेलोच नसतो. वैशाली माझ्याकडे असं बघत होती, जणू मी कुणी अनोळखी माणूस आहे. दिनेशच्या हातात ती झेरॉक्स तशीच होती.

त्यानं विचारलं, "म्हणजे बाबांचा हात बरा होता?"

"बरा होता."

"आणि मी त्यांची चावी काढून घेतली."

तेरा दिवस तो रडला नव्हता, मामा. सगळं धावपळ करून उरकलं होतं त्यानं. त्या क्षणी तो ओटीवरून उतरला आणि जांभळाखाली पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मला तेव्हा कळलं की माझं ओझं उतरलं नव्हतं, मी ते नुसतं वाटलं होतं. तुम्ही गप्प बसलात ते कदाचित माझ्या एकट्यासाठी नसेल. एवढा विचार मी आधी केला नव्हता.

मामी दारातून हलल्या नाहीत. त्या मला काहीतरी बोलतील, हाकलून देतील, म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. स्वतःशीच बोलावं तसं हळू म्हणाल्या, "मी त्यांना दीड वरीस अर्धाच कप चहा भरून दिला. हात कापतात, सांडतील म्हनून. एकदा बी बोललं नाय, भरून दे म्हनून."

मग त्या आत गेल्या.

मामा, तुमच्या हातांना काहीही झालेलं नव्हतं. हे मी सगळ्यांना सांगितलं. फक्त तुम्हाला सांगायचं राहिलं.